काही आणू नका, नुसते या

डिसेंबरच्या नऊ तारखेला रोडेल शाळेच्या स्टाफरूममध्ये भात आणि तळलेला मासा खात बसला होता. तेवढ्यात ऑफिस सांभाळणाऱ्या व्हर्ना मॅम कॉफी घ्यायला आल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "काय रे, नाताळला काय बेत?"

"काही नाही, मॅम. चोवीसला घरीच टेबल मांडणार आम्ही दोघं. तुम्हीही या की जेवायला!"

रोडेलच्या इलोइलोमध्ये याचं उत्तर ठरलेलं असतं. ऐकणारा पोटावरून हात फिरवतो, "छे छे, तुमचं चालू द्या" म्हणतो, आणि दोघंही सुखाने आपापल्या वाटेला लागतात. बोलावणाऱ्याला कोणी येणार नाही हे माहीत असतं आणि न येणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण हे फिलिपिन्स नव्हतं, नॉर्थ डकोटातलं दोनशे बारा वस्तीचं एल्सबर्ग होतं. इथली माणसं बोललेलं खरं धरतात. व्हर्ना मॅमनी पर्समधून छोटी वही काढली.

"किती वाजता?"

रोडेलने माशाचा काटा ताटाच्या कडेला काढून ठेवला. "दहा," तो म्हणाला.

"रात्री?"

"सकाळी."

व्हर्ना मॅमनी भुवया उंचावल्या, पण लिहून घेतलं. "काय आणू मी?"

"छे हो! काही आणू नका, नुसत्या या," रोडेल म्हणाला. तेही सवयीनंच.

सकाळी दहाचं जेवण हा काही वेडेपणा नव्हता. एल्सबर्गमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा इलोइलोत रात्रीचे बारा वाजतात. नाताळचं जेवण बाराच्या ठोक्यालाच व्हायचं, हा तिकडचा रिवाज. रोडेलची बायको मायलीन त्याच शाळेत शिकवायची; तिची आई, नानाय, तेव्हा व्हिडिओवर येणार होती आणि तिने आधीच बजावून ठेवलं होतं. "इंदाय, पोरी, मला टेबल भरलेलं दिसलं पाहिजे. त्या बर्फात भात नि कॉफीवर दिवस काढत असाल, तर पुढच्या वर्षाच्या नोकरीच्या कागदावर सही करायची नाही. जूनमध्ये गपचूप घरी यायचं."

मायलीनला तर राहायचं होतं. तिची दुसरीतली सतरा पोरं आत्ता कुठे हातच्याची वजाबाकी करू लागली होती आणि तिचा त्यांच्यावर भारी जीव होता. म्हणून तिने महिनाभर आधीपासून जमवाजमव केली होती. एक हॅम, आईने पाठवलेल्या शेवया, आणि लाल मेणातला चीजचा एक गोळा, जो नाताळच्या टेबलावर नसेल तर नानायच्या लेखी नाताळ झालाच नाही. दोघांना हे भरपूर होतं.

"तिघांनाही पुरेल," व्हर्ना मॅमचं कळल्यावर मायलीन म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"पालकसभेत मीही म्हटलं होतं रे. या म्हणून."

"किती जणांना?"

"सगळ्यांना. निघताना माणूस म्हणतोच ना!"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक टोलेफसन सर रोडेलला म्हणाले, "व्हर्नाला बोलावणं आहे असं ऐकलं." एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एल्सबर्गमध्ये याहून कडाक्याचं भांडण होत नाही. रोडेल घाईघाईने म्हणाला, "सर, तुम्ही तर याच! घरच्यांनाही आणा!" टोलेफसन सरांच्या घरी नऊ जण होते.

शनिवारी मायलीनने त्याला बूट चढवायला लावले. "घरोघरी जा आणि सांग, बेत रहित झाला. कारण काहीही सांग."

रोडेल आधी लायल नावाच्या शेतकऱ्याकडे गेला. लायलने कॉफी दिली, बायकोने चॉकलेटच्या वड्या दिल्या. रोडेलने तीनदा घसा खाकरला आणि तिन्ही वेळा आणखी एक वडी खाल्ली. शेवटी उठून दारापाशी आला आणि तोंडातून निघून गेलं, "बरंय, येतो. चोवीसला या हं!"

"म्हणजे नक्की ना?" लायल म्हणाला. "मला वाटलं, तू रद्द करायला आलायस."

"छे छे! भलतंच!"

संध्याकाळी तो परत आला तेव्हा पूर्वीचं एकही नाव कमी झालं नव्हतं. वर शेजारच्या गावचे पाद्री आणि रस्त्यात भेटलेला गॅसच्या टाक्या भरणारा माणूस, अशी भर पडली होती.

"त्याला कशाला?" मायलीनने कपाळावर हात मारला.

"अगं, तो उभा होता."

चोवीस तारखेला थंडी शून्याखाली चोवीस होती. इलोइलोत दहा म्हटलं की साडेअकराला माणूस अंघोळीला जातो, म्हणून मायलीन निर्धास्त होती. एल्सबर्गमध्ये दहा म्हणजे साडेनऊ. बरोबर साडेनऊला बूट झटकल्याचे आवाज आले आणि शाळेने दिलेल्या त्या दोन खोल्यांच्या घरात एकसष्ट माणसं शिरली. सगळी नुसती आली होती. कुणाच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं.

त्यांनी अगदी थोडंथोडं घेतलं. पण एकसष्टांनी थोडंथोडं घेतल्यावर व्हायचं तेच झालं. पावणेदहाला टेबलावर हॅमचा एक तुकडा उरला. शेवटचा तुकडा उचलणं तिथे असभ्य समजतात. म्हणून लायलने त्याचा अर्धा भाग घेतला, पाद्रींनी उरलेल्याचा अर्धा घेतला, टोलेफसन सरांनी त्याचाही अर्धा. दहाला तीन मिनिटं असताना ताटात नखाएवढं हॅम होतं, शेजारी मेणाची रिकामी लाल वाटी, आणि मायलीनच्या डोळ्यांत पाणी.

"नानाय आता फोन करेल," ती रोडेलला म्हणाली. "रिकामं टेबल बघेल. संपलं सगळं."

व्हर्ना मॅमनी तिला रडताना पाहिलं आणि विचारलं. मायलीनने सगळं सांगून टाकलं. व्हर्ना मॅम जरा चुळबुळल्या. "तसं गाडीत थोडं आहे माझ्या. पण तुम्ही आणू नका म्हणालात, मग आत कसं आणणार?"

"माझ्याही गाडीत आहे," लायलची बायको म्हणाली.

सगळ्यांच्याच गाड्यांत होतं. एकसष्ट माणसं बर्फात धावली आणि दोन मिनिटांत टेबलावर खिमा, मटार आणि वर बटाट्याच्या गोळ्या रचून भाजलेले अकरा ट्रे आले, किसलेलं गाजर घातलेल्या हिरव्या जेलीची सहा भांडी आली. सगळं गाडीत गोठून दगड झालेलं. जेलीचं एक भांडं टेबलावर ठेवलं तेव्हा टेबलच हादरलं. फोन वाजला.

"अगो बाई!" नानाय पडद्यावरून म्हणाली. "केवढं हे! इंदाय, ते हिरवं काय आहे?"

"कोशिंबीर, नानाय." मायलीनचा जीव भांड्यात पडला.

"आणि ही सगळी तुमची माणसं?" नानाय पडद्याच्या आणखी जवळ आली. आनंदाच्या भरात ती त्या एकसष्ट चेहऱ्यांकडे बघून, तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत, म्हणाली, "माझ्या लेकीला सांभाळता तुम्ही! आता तुम्ही सगळे या आमच्याकडे जेवायला!"

रोडेलने फोन उलटा करायला झडप घातली, पण उशीर झाला होता. व्हर्ना मॅमनी वही काढली.

"किती वाजता?"

नानाय गोंधळली. "केव्हाही या की!"

"फेब्रुवारीत इथे फारसं काम नसतं," लायल म्हणाला. "आणायचं काय?"

"छे हो! काही आणू नका, नुसते या," नानाय म्हणाली आणि व्हर्ना मॅमनी तिचा फोन नंबर लिहून घेतला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी नानायचा फोन आला. "इंदाय, ही व्हर्ना विचारते आहे, उशा आपापल्या आणायच्या का. चौतीस माणसं येतायत! घरात खाटा दोन!"

"मग सांग ना त्यांना, की तसं नव्हतं म्हणायचं."

"असं कसं तोंडावर सांगू? केवढा अपमान होईल!" नानाय म्हणाली. "तुम्ही जूनमध्ये यायचं नावही काढू नका. तिथेच राहा. दोन वर्षं राहा, तीन राहा, पण त्या लोकांना थोपवून धरा!"

मायलीनने फोन ठेवला आणि आईचा विचार बदलायच्या आत कागदावर सही केली.

सोमवारी रोडेल तो कागद घेऊन ऑफिसात गेला. व्हर्ना मॅम डबा उघडून बसल्या होत्या. डबा उघडला की समोरच्याला जेवायला बोलवायचं, हे सप्टेंबरपासून रोज रोडेलकडून ऐकून त्यांनाही सवय लागली होती. समोरच्या हिशेबावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "ये रोडेल, जेवायला."

रोडेलने खुर्ची ओढली आणि बसला.

व्हर्ना मॅमनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डब्यातल्या एकुलत्या एका सँडविचकडे, आणि ड्रॉवरमधून सुरी काढून त्याचे दोन भाग केले.