एकाच डोहाचे डोहकर

एका जंगलात, मुलांनो, एक डोह होता. त्याच्या काठी जो जन्मेल तो डोहकर. रातकिडा डोहकर वरातीत बँड वाजवायचा. भुंगा डोहकर भजनं म्हणायचा. टिटवी, म्हणजे मंजुळाबाई डोहकर, लावणी गायच्या. त्या उडता उडता गायच्या, म्हणून आवाज रानभर पोचायचा, गाणारी मात्र कुणाला दिसायची नाही. सगळे म्हणायचे, "डोहकरांची लावणी."

आणि बेडूक, फुगाजीबुवा डोहकर, ख्याल गायचे. त्यांचा षड्ज लागायलाच सकाळ जायची. तोवर श्रोते चरायला गेलेले असायचे. मोठ्या मंचावर एकदा ख्याल पुरता गावा आणि एकानं तरी तो शेवटपर्यंत बसून ऐकावा, एवढीच बुवांची इच्छा होती.

एकदा वाटेत ससा भेटला.

"डोहकर ना तुम्ही? काय ती लावणी! आमची पोरं जेवताना नाचतात."

"मी लावणी गात नाही. आमचं घराणं ख्यालाचं."

"असं होय," ससा म्हणाला आणि पुढे केलेलं गाजर त्यानं परत पिशवीत ठेवलं.

पुढे हरीण भेटलं. तेही लावणीवरच खूश होतं. या वेळी बुवा नुसते हसले. "सगळी गुरूंची कृपा," म्हणाले. गुरूंचं नाव निघालं की गवई कान धरतात. बेडकाला धरता येईल असा कान नसतो, म्हणून बुवा गाल धरायचे. हे काही खोटं बोलणं नव्हतं, मुलांनो. कृपा कशावर झाली, एवढंच सांगायचं राहिलं.

मग हत्तीशेठनी संगीत समारोह भरवला. "डोहकरांना घेऊन ये," असं त्यांनी माकडाला सांगितलं. माकड समारोहाचं निवेदक होतं, त्यामुळे घाईत होतं. काठावर जो पहिला डोहकर दिसला, त्यालाच त्यानं उचललं.

बुवा मंचावर बसले. डोळे मिटून त्यांनी सा लावला. बराच वेळ तो लागतच होता.

"अहो बुवा," मागून कोल्हा ओरडला, "घसा साफ झाला असेल तर लावणी होऊ द्या की!"

बुवांनी एक डोळा उघडला. हत्तीशेठ उठायच्या बेतात होते. बुवांनी ख्याल गिळला आणि लावणी धरली. सूर हुकले, शब्द विसरले, पण ठेक्यावर उड्या मात्र मनापासून मारल्या. लोकांनी रान डोक्यावर घेतलं.

एवढ्यात मंजुळाबाई पोचल्या. आपली लावणी कोण गातंय, ते बघायलाच आल्या होत्या. त्या मंचावर उतरल्या आणि तीच लावणी म्हणून मोकळ्या झाल्या.

"बरी आहे," ससा म्हणाला. "पण बुवांची सर नाही."

"नक्कल ती नक्कलच," हरीण म्हणालं.

माकडानं विचारलं, "बुवा, या आपल्या कोण?"

सगळ्यांनी कान टवकारले. खरं बोलायला याहून चांगली वेळ नव्हती.

"शिष्या," बुवा म्हणाले. "मेहनती आहे."

मंजुळाबाई पंख झटकून उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लावणी शिकायला डोहावर ही रांग लागली! बुवांना तर दुसरं कडवंही येत नव्हतं. लव्हाळ्याआडून ते गुपचूप मंजुळाबाईंकडे गेले.

"शिकवा हो बाई. आपण काय परके? आडनाव एकच."

"शिकवीन की. पण रीतसर गंडा बांधून. आणि चारचौघांत गुरूचं नाव घ्यायचं, कान धरून."

"मला कान नाहीत."

"ते काल ऐकलंच मी," मंजुळाबाई म्हणाल्या. "गाल धरा."

आता बुवा रोज शिष्यांपुढे गाल धरून म्हणतात, "आमचे गुरू, डोहकर!" शिष्यांना वाटतं, वडिलांचं नाव काय श्रद्धेनं घेतात!

आणि रोज शिकवणीआधी बुवा मंजुळाबाईंसमोर बसून अख्खा ख्याल गातात. बाई तो शेवटपर्यंत ऐकतात. मग म्हणतात, "झाला घसा साफ? चला, दुसरं कडवं."

तात्पर्य : दुसऱ्याच्या नावावर कधीही मिरवू नये. आडनावावर मिरवावं, ते आपलंही असतं. आणि ही गोष्ट आवडली नसेल, तर माझ्या आडनावाचे आणखी एक गृहस्थ गोष्टी लिहितात, त्यांना कळवावं.