गाडीचा रुसवा

जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरने हौसेने जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि ती त्याच्यावर रुसली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी विचार करायची, मग नाइलाजाने हलायची. तेवढ्या वेळात तो झाडांवरून सरकणारं ऊन बघत बायकोला काहीबाही सांगत बसे. मागचे लोक हॉर्न वाजवून जग डोक्यावर घेत.

गिअरबॉक्सचं तेल बदललं, फिल्टर बदलला, प्लग बदलले. मेकॅनिक चालवायचा तेव्हा गाडी अलगद तरंगायची. मालक बसला की पहिले पाढे पंचावन्न!

"काका, तेल वेळेवर बदलत राहा, गिअरबॉक्स मस्त आहे. राग तुमच्यावरच दिसतोय," मेकॅनिक म्हणाला.

मग मालकाने गाडीला कुरवाळलं, "चल गं राणी" म्हणून पाहिलं. राणी ढिम्म. शेवटी वैतागून तो मेहुण्याला म्हणाला, "चालवून बघ. आवडली तर घेऊन जा."

त्याला वाटलं, अशी अडखळणारी गाडी कोण नेतंय? पण मेहुण्याच्या हाती ती वाऱ्यासारखी निघाली. "दाजी, झकास! उद्या नेतो."

दिलेला शब्द फिरवायचा कसा? संध्याकाळी बायकोला घेऊन तो शेवटची चक्कर मारायला निघाला. वळणावर गाडी पुन्हा घुटमळली. आभाळ गुलाबी झालं होतं आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"एवढं करूनही माझ्याशीच का अशी वागते गं ही?"

"अहो, डावा पाय उचला."

त्याने खाली पाहिलं. बसचा क्लच दाबायची सवय लागलेला त्याचा डावा पाय, या गाडीत क्लचच नसल्याने, ब्रेकवर निवांत पहुडला होता. त्याने तो उचलला. गाडी अशी सुटली की तोच दचकला.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? तुझा भाऊ उद्या गाडी नेतोय!"

"नेत नाही. त्याला मी तेव्हाच नाही म्हणून सांगितलं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "जन्मभर तुम्ही लोकांना वेळेवर पोचवलंत. घरी आलात की जेवायचं आणि झोपायचं. या गाडीत पहिल्यांदा माझ्याशी बोलायला लागलात. म्हटलं, अडखळू दे."

समोर रस्ता मोकळा होता, गाडी सुरेख पळत होती आणि घर भलतंच लवकर जवळ येत होतं.

घराच्या वळणावर त्याने गाडी सरळ पुढे काढली.

"अहो, घर मागे राहिलं!"

"राहू दे," तो म्हणाला. "तर मी काय सांगत होतो..."