नावाड्याला जगवताना

इंग्रजीच्या सरांना तासाला जायचं जिवावर आलं होतं. कारण एवढंच, की कादंबरीतला म्हातारा नावाडी पुढच्या प्रकरणात मरणार होता. कडक म्हणून शाळेत नाव असलेला हा माणूस गेल्या वर्षी ते पान वाचताना वर्गासमोर घळाघळा रडला होता. सर्दीचं निमित्त सांगून त्यांनी वेळ मारून नेली. पण पुढे वर्षभर पोरं त्यांना बघून नाक पुसत. यंदा तसं झालं असतं, तर उरलासुरला दराराही धुळीला मिळाला असता.

"अहो, पुस्तकातला म्हातारा तो!" बायको म्हणाली.

"म्हणून काय झालं? माणूसच ना?"

मग सरांनी नावाड्याला जगवायचं ठरवलं. तो मरण्याआधीचे बारकावेच ते शिकवत बसले. कोटाचा रंग कोणता, कुत्रा कुठल्या पायाने लंगडा, होडी गळते कुठून. पोरंही अशी रंगली की सोय नाही. "सर, कोटाला ते ठिगळ कुणी लावलं असेल?" झालं, अख्खा तास ठिगळात गेला. पोरांना वाचनाची गोडी लागली म्हणून सर मनातून सुखावले.

बाकीच्या तुकड्या उजळणीला लागल्या, तेव्हा गोष्ट मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर गेली.

"अजून ठिगळच चाललंय तुमचं? उद्या मी येऊन बसते. प्रकरण माझ्यासमोर संपवा."

दुसऱ्या दिवशी बाई शेवटच्या बाकावर बसल्या. सरांनी पहिलं वाक्य वाचलं आणि खिशातला रुमाल काढला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली झटकन उभी राहिली.

"सर, पूर आला तेव्हा कुत्रा कुठे होता?"

सर थबकले. पूर पुढच्या पानावर होता.

"पुराचं तुला कसं कळलं?"

तिने जीभ चावली. "आम्ही सगळ्यांनी वाचलंय, सर. केव्हाच."

"मग इतके दिवस ते प्रश्न?"

"तुमच्याच्याने होत नव्हतं ना, सर," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, थांबू या थोडं."

सरांनी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. आता लाज वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण उलट फार बरं वाटत होतं. ती सावकाश वाचत गेली. पूर आला, होडी कलली, म्हाताऱ्याच्या हातून वल्हं सुटलं. एकाही पोराने सरांकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात मोठ्ठा हुंदका ऐकू आला. सरांनी घाईघाईने तोंडावर हात ठेवला, पण आवाज त्यांचा नव्हता. सगळा वर्ग मागे वळला.

मुख्याध्यापिकाबाईंनी पुढचं वाचलेलं नव्हतं.