बेटावरचा कंट्रोलर

आमच्या शेजारचे नागूअण्णा बोलत नाहीत, घोषणा करतात. लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण तोंडासमोरचा माइक काही हटला नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात वरात रखडली, तर हे मांडवात उभे राहून म्हणाले, "वऱ्हाडींनी लक्ष द्यावे. नवरदेव वीस मिनिटे उशिरा येत आहेत." भटजीसुद्धा मुकाट्यानं खाली बसले.

गेल्या मे महिन्यात आळीतले आम्ही आठ जण कोकणात गेलो. टँकर दिसला तरी हरखणारी आम्ही माणसं. समुद्र बघून अण्णा एवढंच म्हणाले, "एवढं पानी, अन् समदं खारट!"

नावाड्यानं होडी एका ओसाड बेटापाशी उभी केली. खडकांवर हजारो सुरय पक्षी होते. पिल्लांना खडकावर ठेवून आईबाप मासे आणायला जातात आणि परतल्यावर एवढ्या कलकलाटात नेमकं आपलंच पिल्लू हुडकतात, असं त्यानं सांगितलं.

अण्णांनी नावाड्याची दुर्बीण डोळ्याला लावली ती काढेचनात. मागं डॉल्फिन उसळले. आम्ही सगळे तिकडं धावलो, होडी कलली. अण्णांनी मान वळवली नाही.

"जाऊ द्या, इनाथांबा गाडी हाय ती. हितं कडंच्या खडकावर एक पिल्लू ऱ्हायलंय. त्याचं कुणीच आलं न्हाय अजून."

अर्धा तास गेला. नावाडी म्हणाला, "काका, वारो वाढलो. आता निघूक व्हया."

"शेवटची गाडी लागल्याबिगर म्या स्टँड सोडत न्हाय."

मी वैतागलो. "अण्णा, पाखरू हाय ते, पॅशिंजर न्हाय!"

यावर अण्णा होडीत उभे राहिले, तोंडाशी हात धरले आणि शुद्ध मराठीत ओरडले, "कडेच्या खडकावरील प्रवाशाने लक्ष द्यावे. आपली गाडी उशिरा आहे, रद्द नाही!"

हसून हसून आमची पोटं दुखली. नावाड्यानं इंजिनला हात घातला, तेवढ्यात चोचीत आडवा मासा धरून एक पाखरू आलं. दोन घिरट्या घातल्या आणि त्याच पिल्लाजवळ उतरलं.

"लागली," अण्णा म्हणाले आणि गपकन खाली बसले.

परतताना मी त्यांची पुन्हा चेष्टा केली. ते पाण्याकडं बघत होते.

"लहानपणी आई ऊसतोडीला गेलती. येनार म्हनून सांगावा आला, तसा म्या सकाळधरनं स्टँडवर बसलो. गाड्या येत व्हत्या, आई उतरंना. चौकशीच्या खिडकीवर इचारलं, तर कुनी वरसुदिक बघितलं न्हाय."

मघाच्या हसण्याची मला लाज वाटली.

"मग? आल्या का त्या?"

"आली की. दुसऱ्या दिशी. पन तवर, गाडी उशिरा हाय का रद्द, कुनीतरी सांगाया पायजे हुतं."