सरूआत्याची फरशी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या सरूआत्याचा. ती धारूरला राहायची आणि स्वतःच्या घरात उड्या मारत चालायची.

कारण फरशी. शेणानं सारवून तिची कंबर गेली, म्हणून मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, दक्षिणेकडच्या एका व्यापाऱ्याकडून काळा दगड मागवला. शाळेच्या पाट्या होतात तोच. दारापासून चुलीपर्यंत घर काळंभोर आणि गार झालं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्याकडे शिकायला राहिलो. पहिल्याच दिवशी मी फरशीवर पेन्सिलीनं 'श्री' काढला आणि आत्या मामांवर ओरडली, "पाय काढा! पाटी झाली ती!"

पाटीला पाय लावू नये, एवढंच तिला शाळेबद्दल ठाऊक होतं. कोरा तो दगड, लिहिली ती पाटी. पुसायचंही नाही. "विद्या पुसत्यात व्हय?"

मग पाढे आले, भूमिती आली, निजामी शाळेतली उर्दू आली. मराठी फरशीवरून ती डावीकडून उडी घ्यायची, उर्दू फरशीवरून उजवीकडून. मामा उंबऱ्यातून विनवायचे, "आरं, एक तरी फरशी सोड माझ्या ताटाला!"

"कावून? उंबऱ्यावर घास उतरत न्हाई का?" आत्या तिथूनच भाकरी पुढं करायची.

पुढं मी हैदराबादला गेलो, बी.ए. झालो. निकालाचं कळवलं, तर मामांचं उलट पत्र आलं: "तुझी आत्या भूमितीवरून उडी मारताना पडली. गुडघा लई सुजलाय. सगळं पुसून टाकतो म्हणलं, तर फडकं उशाखाली घेऊन झोपती. म्हणती, लेकरू गेलं, त्याचं अक्षर तेवढं घरात हाय."

मी त्याच दिवशी लिहिलं:

"तीर्थरूप सौ. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

मामांना फडकं दे. शाळेत गुरुजी रोज पाटी पुसायला लावायचे, तरी माझी विद्या कमी झाली नाही. तू घरभर सरळ चाल.

दिवाळीला मी येतो. चुलीजवळची एक फरशी तेवढी राखून ठेव. तिच्यावर तुझं नाव तू लिहायचं. मी हात धरीन. ते मात्र कुणी पुसायचं नाही. मग उड्या मारायची पाळी माझी आणि मामांची."