वाटाण्याएवढा कापूस

मेकॅनिकनं सकाळी आगकाडीला कापूस गुंडाळून दोन्ही कान कोरले. काडी बाहेर आली, उजव्या कानातला कापूस आलाच नाही. त्याचं लक्ष कुठं होतं, तर बायकोवर ओरडण्यात. चहात साखर कमी होती.

गॅरेजमध्ये त्याच्या कानाला मान होता. रबरी नळीचं एक टोक उजव्या कानात खुपसायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं आणि डोळे मिटून सांगायचं, "तिसरा व्हॉल्व्ह." तिसराच निघायचा. त्या दिवशी त्यानं एका व्हॅनवर नळी फिरवली. आत चिडीचूप. त्यानं नळी अजून खुपसली, कापूस अजून आत गेला. "लोण्यासारखी चाललीय. न्या," तो म्हणाला.

दुपारी व्हॅन ढकलत परत आली.

"अख्ख्या रस्त्याला खडखड ऐकू आली, तुला नाही?" गॅरेजचा मालक त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. "उद्यापर्यंत कान ताळ्यावर आण. नाहीतर पंक्चर काढत बस."

मेकॅनिकनं नळी गुंडाळून ठेवली. वीस वर्षांचा कान, आणि आता पंक्चर?

घरी तर आणखीच भीती. बायकोच्या भांडी आपटण्याचा आवाज येत नव्हता. म्हणजे नक्की बिनसलंय. त्याला धड बोलवेना, स्वतःचाच आवाज डोक्यात ढोलासारखा घुमत होता. म्हणून तो हळू बोलला, "सकाळी उगाच ओरडलो गं. साखर बरोबर होती."

बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा. ती जवळ आली, त्याच्या कपाळाला हात लावला.

"काय करून आलात ते आधी सांगा."

"काही नाही," तो अंदाजानं म्हणाला.

"पोलिसबिलिस?"

त्याला फक्त ओठ दिसले. त्याचा धीर सुटला. "मला ऐकू येत नाहीये," तो पुटपुटला आणि डोळे पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डाव्या कानातला, काडीनंच आत ठासलेला मळ काढला, मग चिमटा उजव्या कानात घातला. सटकन जग आत घुसलं. नळ, खुर्ची, बाहेरचं खोकणं, सगळं एकदम. मेकॅनिकनं वर पाहिलं.

"डॉक्टर, पंख्याचं बेअरिंग गेलंय."

"गेला महिनाभर मीही हेच म्हणतोय," डॉक्टर हसले. "कानात काडी घालू नका आता."

मेकॅनिकची छाती फुगली. मालकाला आता दाखवतोच. तो दारातनं गरजला, "अगं चल की. तिथं काय मुक्काम करतेस? माझी व्हॅन खोळंबलीय."

बाहेर बसलेले सगळे पेशंट दचकले. बायको मात्र डॉक्टरांच्या टेबलाशीच उभी होती.

"डॉक्टर, तो कापूस केवढा होता हो?"

"असेल वाटाण्याएवढा. का?"

"काही नाही, सहज."

वाटेत ती मेडिकलपाशी थांबली आणि कापसाचं मोठं बंडल घेतलं.

"हे कशाला आता?" तो पुन्हा गरजला.

"असू दे," ती म्हणाली. "घरात असावा."