घरच्या गरजेचा दाखला

जगातले कोणतेही काम पुरेसे निरुपयोगी असेल, तर ते जगात कुठूनही करता येते. सुतार, दाई आणि रस्ते झाडणारा यांना ही सोय नाही. मला आहे. मी कपडे धुण्याची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार-पोच विभागात वरिष्ठ समन्वयक आहे. ग्राहकाची तक्रार आली की ती आल्याचे त्याला कळवणे, हे माझे काम. (तक्रार सोडवणारा विभाग वेगळा आहे. तो कुठे आहे, हे गेल्या अकरा वर्षांत मला कळलेले नाही.)

पाच वर्षांपूर्वी कंपनीने आम्हाला घरून काम करायला सांगितले. तेव्हापासून मी झोपण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत, कानाला हेडफोन लावून बसतो. मग एके दिवशी वाचनात आले की एक समुद्रकाठचा देश माझ्यासारख्यांना खास व्हिसा देतो : या, वर्षभर राहा, आणि इकडचे काम तिकडे बसून करा. हे वाचल्यावर मला कपाटाचा वास सहन होईना. आठ दिवसांत मी ही गोष्ट सर्व नातेवाइकांना, दोन शेजाऱ्यांना आणि केस कापणाऱ्याला सांगून टाकली. आता मागे फिरणे म्हणजे नाक कापून घेणे होते.

अर्ज बावन्न पानांचा आहे. त्यातली एक्केचाळीस पाने मी कोण आहे हे विचारतात, दहा पाने नक्की का असे विचारतात आणि उरलेले एक पान मी परत कधी जाणार हे विचारते. असा अर्ज एकट्याने भरणे अशक्य असल्यामुळे झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर एक व्हिसा सल्लागार बसतात. सारा परिसर त्यांना शिक्केवाले म्हणतो. त्यांच्या टेबलावर चौदा शिक्के आहेत आणि पेन एकच आहे, तेही दोरीने बांधलेले.

शिक्केवाल्यांनी सुरुवात परिशिष्ट 'ब'पासून केली. त्यात कंपनीने लिहून द्यायचे असते की अर्जदार इथे प्रत्यक्ष हजर असण्याची काहीही गरज नाही. हे मिळवायला महिना जाईल असा माझा अंदाज होता. साहेबांनी ते अकरा मिनिटांत पाठवले. नमुन्यात नसलेले एक वाक्यही त्यांनी आपणहून जोडले होते : 'किंबहुना, ते येथे नसल्याचा कामावर अनुकूल परिणाम होईल असे वाटते.' इतके मनापासून लिहिलेले शिफारसपत्र मला उभ्या नोकरीत मिळाले नव्हते. मी त्याची प्रत काढून ठेवली.

अडचण परिशिष्ट 'ड'मध्ये आली. त्या देशाला अशी भीती असते की आलेला माणूस परत जाणार नाही. म्हणून घरच्यांनी लिहून द्यावे लागते की याची घरी गरज आहे. त्यासाठी तीन ओळी आखलेल्या असतात. वर छापलेले असते : 'अर्जदाराच्या प्रत्यक्ष उपस्थितीवाचून अडतील अशी घरातील तीन कामे लिहा.' खाली सही, नाते आणि तारीख.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. उत्तर बरोबर असूनही पायऱ्या दाखवल्या नाहीत तर ती अर्धा गुणसुद्धा देत नाही. एका रविवारी मी तिच्यापुढे तो कागद ठेवला. आई पलीकडे भाजी निवडत होती, तीही मदतीला आली.

पहिल्या ओळीत बायकोने 'माळ्यावरची बॅग काढणे' असे लिहिले. मग वर्षातून किती वेळा याचा हिशोब करून खोडले. दुसऱ्या ओळीसाठी मीच वाय-फाय सुचवले. ते बंद पडले की मी बंद करून पुन्हा सुरू करतो. त्यावर आई म्हणाली की ते ती स्वतःच करते, कारण मला सांगितले तर मी 'नंतर' म्हणतो. मग आईलाच माझी दया आली. घरात बाप्या माणूस असला की दाराची काळजी नसते, हे लिहावे असे तिचे म्हणणे पडले. बायकोने आठवण करून दिली की मागच्या महिन्यात कुरिअरवाला सात वेळा बेल वाजवून परत गेला, तेव्हा बाप्या माणूस आठ फुटांवर होता.

"पण फोन केला तर लगेच उचलतो हो," आई म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून फोनच करते त्याला."

बायकोने थोडा विचार केला आणि तिन्ही ओळींवरून एकच वाक्य लिहिले : 'अर्जदाराची घरातील सर्व कामे दूरस्थ पद्धतीने करता येण्याजोगी आहेत.' खाली सही केली. तारीखही घातली.

शिक्केवाल्यांनी कागद दोनदा वाचला. "साहेब, हे 'ब'चं उत्तर झालं," ते म्हणाले. "'ड'ला हे चालत नाही. दोन्हीकडे नको असलेला माणूस तिकडेच राहून जातो, असं त्यांचं मत आहे."

त्यांच्याकडे तयार नमुने होते. वृद्ध मातेची सेवा, मुलांचा अभ्यास, कुत्रा. (आमच्याकडे कुत्रा नाही.) बाकीचे लोक यातलेच उतरवून देतात, असे त्यांनी सांगितले. मी न केलेल्या गोष्टीवर बायको सही करणार नव्हती. म्हणजे आता एकच मार्ग उरला. व्हिसा मिळेपर्यंत घरात आवश्यक व्हायचे आणि मिळाला की निघून जायचे.

मी कामाला लागलो. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे अकारविल्हे लावले. दोन दिवस घरात कोणालाच मीठ सापडले नाही. दुसऱ्या आठवड्यात गळका नळ दुरुस्त केला आणि त्यासाठी प्लंबरला दोनदा यावे लागले. यातून घरात गरज निर्माण झाली हे खरे, पण ती मी कोपऱ्यात परत जाऊन बसण्याची होती.

तिसऱ्या आठवड्यात आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिनाभर लाल गोल करून ठेवलेली होती. मला ती आदल्या दिवशी कळली. डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या. रोज चार वेळा थेंब घालायचे, पहिल्या बाटलीनंतर पाच मिनिटे थांबायचे आणि मग दुसरी. बायको दिवसभर शाळेत. मी हात वर केला. माझ्या मनात त्या क्षणी परिशिष्ट 'ड' होते, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्या पाच मिनिटांत करण्यासारखे काही नसते. मोबाईल बघावा तर हातात बाटली असते. आई मान मागे टाकून, डोळे मिटून बसलेली असायची आणि बोलायची. तिला दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हते, हे मला तेव्हा समजले. कोणाला का सांगितले नाहीस, असे मी विचारले.

"तुला सांगितलं होतं की. तू 'तुझं म्हणणं पोचलं' म्हणालास."

घरात वावरणाऱ्यांना ती पावलांवरून ओळखायची आणि मला खुर्चीच्या कुरकुरीवरून, कारण मी चालत नसेच. हे तिने अगदी सहज सांगितले. मला फार लाज वाटली. दुसरी बाटली मी त्या दिवशी दोन मिनिटे उशिरा घातली.

महिनाभराने बायकोने आपणहून नवा कागद काढला आणि पहिल्या ओळीत लिहिले : 'आईंच्या डोळ्यांत थेंब घालणे. रोज चार वेळा.' पुढे कंसात, वहीच्या समासात लिहितात तसे, 'पाहिले.' दुसऱ्या ओळीत लिहिले : 'त्यानंतर त्यांच्याजवळ बसणे.' तिसरी ओळ तिने कोरीच सोडली. शिक्केवाले म्हणाले की दोन चालतात, बहुतेकांची एकही खरी नसते.

व्हिसा आला. नव्वद दिवसांच्या आत त्या देशात पाऊल ठेवायचे, अशी अट होती. डॉक्टरांनी थेंब बंद केले तेही त्याच दिवशी सकाळी. आईने बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि म्हणाली, "आता जा तू खुशाल." योगायोग इतका सोयीचा होता की शिक्केवाल्यांनीसुद्धा तो नमुन्यात घातला नसता. मी बॅग काढायला माळ्यावर चढलो.

चार वाजता खाली पाहिले, तर आई खिडकीजवळच्या खुर्चीवर मान मागे टाकून बसली होती.

"आई, थेंब संपले."

"माहितीये मला. पाचच मिनिटं बस."

आज त्रेसष्टावा दिवस आहे. बॅग पलंगाखाली आहे. कंपनीला मी 'प्रक्रिया सुरू आहे' असे कळवले आहे आणि कंपनीने ते मिळाल्याची पोच दिली आहे. नातेवाईक विचारतात, तेव्हा त्या देशाच्या कार्यपद्धतीत फार दिरंगाई आहे असे मी सांगतो. जायचे की नाही हे माझे ठरत नाही. पण चार वाजता मी हेडफोन काढतो.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी : परिशिष्ट 'ड' भरून घ्यायला परदेशी जायचे असावेच लागते असे नाही. एक कोरा कागद घ्या, तीन ओळी आखा आणि घरच्यांपुढे ठेवा. मात्र ते लिहीत असताना समोर बसू नका. आमच्याकडे पहिल्या खेपेला, पहिली ओळ खोडल्यावर, पेन अठरा मिनिटे हललेच नव्हते, आणि आमच्याकडे तर लिहिणारी माणसे माझ्यावर प्रेम करणारी होती.